दुखतंय त्यालाच विचारा ना!

काल रात्री कट्ट्यावर आवाज चढले. बंड्याच्या वडिलांचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जालीम वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि यानं त्या आठवडाभर कपाटात ठेवल्यात!

"ते शेवटचं औषध रे. आत्ताच दिलं तर पुढे काय देणार?" बंड्या म्हणाला.

"आणि सवय लागली म्हणजे?" अण्णांनी री ओढली.

मेडिकलवाला तात्या उसळलाच. "दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवतात. त्याला ठरलेली वरची मर्यादा नाही. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत असतंच. अन् कळा सुरू झाल्यावर नाही द्यायचं, घड्याळ लावून द्यायचं! १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं सगळे इतके धास्तावले की मॉर्फिन मिळणंच मुश्कील झालं. २०१४च्या दुरुस्तीनं नियम सोपे केले. आता गोळ्या घरात आहेत आणि तू कुलूप लावून बसलायस."

"पण हे इच्छामरणासारखंच झालं ना?" अण्णा.

"नाही हो अण्णा. व्हेंटिलेटर नको, असं आधीच लिहून ठेवता येतं, ते वेगळं. त्याला सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला की पुरतं. दुखणं थांबवा म्हणायला कागद कशाला?"

मला राहवेना. आईच्या वेळी आम्ही भावंडं तिच्या खोलीबाहेर बसून सगळं ठरवायचो. तिला आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा आतून म्हणाली, "अरे, दुखतंय मला ना?" आम्ही गप्प.

शेवटी घरी येणाऱ्या डॉक्टरबाईंनी खाटेवर बसून विचारलं, "शून्य ते दहात किती?" आई म्हणाली, "दिवसा पाच. रात्री नऊ." आम्ही तिघंही घरातच होतो, आणि तो नऊ आम्हाला ठाऊक नव्हता. मग बाईंनी विचारलं, तुम्हाला काय हवंय? "रात्री झोप द्या. दुपारी थोडं दुखलं तरी चालेल, पण संध्याकाळी बायका भजनाला येतात तेव्हा गुंगी नको." बाईंनी गोळ्यांच्या वेळा तशा बसवून दिल्या. भजनाला ती उशीला टेकून बसायची, टाळ मांडीवर घेऊन.

बंड्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना कॅन्सर आहे हेच आम्ही सांगितलेलं नाही."

"त्यांना कळलेलं असतं रे," अण्णा हळूच म्हणाले.

चहा तसाच ठेवून तो उठला. तात्यानं मागून हाक मारली, "पोट साफ व्हायचं औषध लिहिलंय का ते बघ! नसेल तर डॉक्टरांना फोन कर."