आवटीसाहेबांचा ‘छंद’

फौजेतला माणूस गेला की आपले मृत्युलेख ठरलेले असतात. कुठली लढाई, कुठलं पदक, कुठलं पद. मग शेवटी उरकल्यासारखी एक ओळ, ‘त्यांना निसर्गाची व लेखनाची आवड होती.’ व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींबद्दल लिहायचं तर मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करेन.

पदकांचं आधी सांगून टाकतो. 1971 च्या युद्धात ‘कामोर्टा’ या रशियन बनावटीच्या लहानशा युद्धनौकेचे कप्तान, बंगालच्या उपसागरातली नाकेबंदी, वीरचक्र. पुढे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) कमांडंट. 1983 मध्ये पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त. एवढं झाल्यावर माणसाने मुंबईत फ्लॅट घेऊन क्लबात बसायला कुणाची हरकत नव्हती. हे गेले फलटणजवळ विंचुर्णीला! जन्मभर खाऱ्या पाण्यावर काढलेला माणूस दुष्काळी पट्ट्यात झाडांमध्ये रमला.

पण डोक्यातून शीड काही उतरलं नाही. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास. गंमत बघा, इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आला तो ‘सुहेली’ बोटीतून, आणि ती सागवानी बोट बांधली होती आपल्या मुंबईत. बोट आपली, खलाशी त्यांचा. पुढची चाळीस वर्षं आपल्याला याचं काही वाटलं नाही. आवटींना वाटलं.

2006 मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे ‘मी जातो’ म्हणून पुढे आले. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बोट बांधायला घेतली. लाकडाचा गाभा, वरून फायबरग्लास, 56 फूट लांबी. एवढ्या मोठ्या सागरी सफरीची बोट त्या यार्डाने आधी बांधलेली नव्हती. नाव ठेवलं ‘म्हादेई’. 19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन असे चार मुक्काम करून 19 मे 2010 ला परतले. आवटी तेव्हा ब्याऐंशीचे. 2013 मध्ये नौदलाच्याच अभिलाष टॉमींनी तीच फेरी न थांबता पुरी केली.

याला छंद म्हणायचं का? मी तर म्हणेन. सरकारी हुकूम नाही, बढती नाही, स्वतः त्या बोटीत बसणार नाही हेही उघड. चित्रकार कॅनव्हास रंगवतो, यांनी दुसऱ्याच्या हातून समुद्र रंगवला. (जरा जास्तच काव्यात्म झालं, पण राहू दे.) आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्याने ब्रश किंवा पेन हातात धरलं की ‘चला, वेळ बरा जातो’ म्हणतात, ते मला पटत नाही. वेळ घालवायला एवढा उपद्व्याप कोण करतं?

दांडेकरांच्याच यार्डात बांधलेल्या ‘तारिणी’तून 2025 च्या मे मध्ये रूपा आणि दिलना या दोघी नौदल अधिकारी जगाला फेरी मारून गोव्यात परतल्या. टीव्हीवर तो सोहळा पाहताना पहिल्यांदा आवटीच आठवले.

फलटणकडच्या किंवा नौदलातल्या कुणी साहेबांना जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा. विशेषतः विंचुर्णीचे दिवस. लढाईचं सगळं मिळतं हो, ते मिळत नाही.