गरवायला गेलो आणि स्वतःच गरीला लागलो

जूनचा पहिला आठवडा म्हणजे आमच्या कोकणात मिरग. पहिला दणदणीत पाऊस झाला की वहाळात मासे चढणीला लागतात, मग बाबा नि काका रात्री बत्ती आणि कोयता घेऊन निघायचे ते तासाभरात पिशवी भरून परत. त्यामुळे मासे पकडणं आपल्या रक्तातच आहे असा माझा पक्का समज, आणि त्याच तोऱ्यात इथे अमेरिकेत, पोर्टलंडच्या ऑफिसातल्या टीम लीडने फ्लाय फिशिंगला, म्हणजे दोरीला किडा लावून मासे गरवायला, येतोस का विचारल्यावर मी हो म्हणून बसलो.

पहाटे चारला टीम लीड, म्हणजे आता आमचे गुरुजी, दारात हजर. दोन तास गाडी हाणून डेशूट्स नदीवर, मॉपिन नावाच्या गावाजवळ पोचलो. वाटेत ज्ञान मिळालं की रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड हा मुळात एकच मासा. एक जन्मभर नदीतच राहतो, दुसरा समुद्रात जाऊन खाऊनपिऊन गब्बर होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीला चढणीला लागतो. म्हणजे एक गावातला भाऊ आणि एक एनआरआय. एनआरआय मंडळी या नदीत यायला जुलै उजाडतो, तोवर गावातल्या भावावर भागवायचं. (तेही बरंच, कारण स्टीलहेडला म्हणे हजार वेळा दोरी फेकावी तेव्हा एक लागतो.)

मग वेडर्स. छातीपर्यंतची वॉटरप्रूफ विजार, घातली की माणूस पिंपात उभा केल्यासारखा दिसतो. कमरेचा पट्टा घट्ट आवळ, नाहीतर पडलास तर आत पाणी भरेल, हे गुरुजींनी मी नदीत शिरल्यावर सांगितलं. गवतात रॅटलस्नेक असतात हेही तेव्हाच. होडीत बसूया म्हटलं तर तिथे होडीतून मासे पकडायला बंदी, होडी फक्त जाण्यायेण्यापुरती, गळ टाकायला खाली उतरायचंच.

आपल्या गळाला शिसं असतं, त्या वजनाने तो लांब जातो. इथे पुढचा किडा पिसासारखा हलका, म्हणून दोरीच जाड नि वजनदार, आणि ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. हात घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधेच हलला पाहिजे. माझा पहिला कास्ट मागच्या झाडात, दुसरा गुरुजींच्या टोपीत, तिसरा माझ्याच पाठीत रुतला.

त्यात सॅमनफ्लायचा सीझन. हे किडे तीनचार वर्षं पाण्याखाली दगडांत काढतात आणि या दिवसांत बाहेर येऊन पंख फुटले की लग्न उरकून मरतात. दोन दोन इंची, केशरी पोटाचे, माझ्या कॉलरमधून आत चाललेले. आणि आम्ही दोरीला लावलेला काय, तर केस नि पिसं गुंडाळलेला विकतचा खोटा किडा! म्हटलं, अंगावर फुकट चालतायत, यातलाच एक लावूया ना. गुरुजींनी असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून शिरलो.

दुपारी चारच्या सुमारास मी मानेवरचा किडा झटकत असताना दोरीला हिसका बसला. कसं काय ते विचारू नका पण लागला! हातभर नाही, वीतभर म्हणूया, पण अंगावर गुलाबी पट्टा असलेला देखणा ट्राउट. गुरुजींनी हात ओले केले, माशाला पाण्यातच धरलं, अलगद गरी काढली. मला वाटलं फोटोसाठी धरलाय, म्हणून मोबाईल काढायला वेडर्समध्ये कोपरापर्यंत हात घातला, मोबाईल सापडेपर्यंत गुरुजी हात पुसत होते.

"मासा?"

"गेला घरी," गुरुजी एकदम समाधानी.

घरी पोचलो तर स्वयंपाकघरात खोबऱ्याचं वाटण तयार, सोलं भिजत घातलेली आणि आईने सावंतवाडीहून पाठवलेली तिरफळं ठेचून ठेवलेली. बायकोने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग पाठीतल्या त्या खोट्या किड्याकडे, आणि काही न बोलता फ्रीजमधून चार अंडी काढली.