बँकेचे लाडके ग्राहक व्हा!

आजोबांची पत वाण्याच्या वहीत असायची. पैसे थकले की वाणी भर दुकानात विचारायचा, "काय भाऊसाहेब, या महिन्याचं?" मग चार दिवस आजोबा त्या गल्लीतून जायचे नाहीत. आता तुमची पत ३०० ते ९०० यांमधला एक आकडा होऊन सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे गुपचूप पडलेली असते. तिचं काय झालं, हे गृहकर्ज मागायला जाईपर्यंत कळतही नाही. केवढी ही इभ्रतीची काळजी!

तेव्हा क्रेडिट कार्ड घ्याच. मॉलमध्ये गळ्यात पट्टा घातलेला मुलगा "सर, लाइफटाइम फ्री" म्हणत ट्रॉली बॅग पुढे करतो, त्याला नाही म्हणू नका. पुढच्या टेबलावर दुसऱ्या बँकेचा मुलगा आहे, त्यालाही नाही म्हणू नका. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलच्या तुमच्या अहवालात होते. एकाच आठवड्यात चार अर्ज दिसले, की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं बँकांना वाटतं. वाटू दे. चार बॅगा तर आल्या!

लिमिट दोन लाखांचं मिळालं तर एक लाख नव्वद हजार वापरा. जाणकार म्हणतात, तीस टक्क्यांच्या आत राहा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांना लहानपणी कोणीतरी शिकवलेलं असतं. पण इथे अंथरूण बँकेचं आहे, फक्त पाय आपले.

आता बिलाकडे वळू. बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा, मन खट्टू करणारा: एकूण देय चाळीस हजार. त्याच्या शेजारी एक लहानसा, मायाळू: किमान देय दोन हजार. तुम्ही मायाळू आकडा निवडा. उरलेल्या अडतीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा दोन हजार भरलेत, तरी मुद्दलातून जेमतेम सव्वाचारशे ते साडेचारशे कमी होणार. शिवाय थकबाकी ठेवली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. काल घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज. वर्षाला बेचाळीस टक्के! मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून तीन बँका पालथ्या घालणारे आपण हे कसं सहज देतो, याचं मला कौतुकच वाटतं.

रोख हवी असेल तर कार्ड एटीएममध्ये घाला. व्याज त्याच दिवसापासून, शुल्क वेगळं.

माझा अनुभव सांगतो. एक कार्ड मी कपाटात ठेवलं आणि विसरलो. न वापरलेल्या वस्तूचे पैसे कोण मागणार? बँकेने मागितले: वार्षिक शुल्क पाचशे, जीएसटीसह ५९०. मेल प्रमोशन्समध्ये गेला, मी पडलो भोळा. काही महिन्यांनी घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि त्या लाल नोंदीवर पेनाचं टोक ठेवलं. साठ लाखांच्या फाइलवर ५९० रुपयांचा डाग. आजोबांच्या वाण्याने निदान हाक तरी मारली असती. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट बघता येतो म्हणे, पण फुकटात बॅग घ्यावी, अहवाल कसला?

फारच ताणलं गेलं तर तडजोड करा. लाखाचे साठ हजार भरून सुटलात की खाते 'सेटल्ड' होतं. ऐकायला कसं छान वाटतं, अगदी "मुलगा अमेरिकेत सेटल्ड आहे" असं! बँकांना मात्र त्यात 'बुडवलेले चाळीस हजार' एवढंच दिसतं.

आणि तोवर वसुलीवाल्यांचे फोन येतील. घाबरू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर ते फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. सात वाजले की निवांत चहा टाका आणि त्या मॉलमधल्या बॅगेवर पाय ठेवून बसा. चाक आधीच निखळलंय, घसरायची नाही.