'डार्क सन'मधील क्लेरिकविषयी खुलासा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रे साकारण्याचा खेळ खेळणाऱ्या सांगली-मिरजेच्या मंडळींमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर असा संदेश फिरत आहे, की 'डार्क सन' या त्या खेळातील वाळवंटी जगात देव नसल्याने तेथे क्लेरिक (भक्तीतून मंत्रसामर्थ्य मिळवणारा पुजारी) हे पात्र घेताच येत नाही. हे अर्धसत्य आहे. 'डार्क सन'च्या १९९१ च्या मूळ खेळसंचात देव नाहीत हे खरे. परंतु क्लेरिक आहे, आणि तो पृथ्वी, वायू, अग्नी व जल यांपैकी एका तत्त्वाची उपासना करून त्यातूनच मंत्रसामर्थ्य मिळवतो, त्यामुळे त्या रखरखीत वाळवंटात जलाच्या क्लेरिकला (जत-आटपाडीचा उन्हाळा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको) कोणताही तांडा आनंदाने सोबत घेईल. टेम्प्लर (तेथील नगरांवर राज्य करणाऱ्या मांत्रिक-राजांचे सेवक) मात्र आपले मंत्र त्या राजांकडून घेतात. गैरसमजाचे मूळ बहुधा २०१० च्या आवृत्तीत असावे, कारण तिने दैवी शक्तीवर चालणारे सर्वच पात्रवर्ग वगळले आणि तत्त्वांच्या पुजाऱ्याला निराळ्या रूपात ठेवले. मूळ संचात खरोखरच नाहीत ते पॅलाडिन (धर्मयोद्धे) आणि नोम (एक बुटकी जमात). नोमांचा तर तेथे वंशच संपलेला आहे. तेव्हा कोणाचा क्लेरिक बाद करण्यापूर्वी खेळ कोणत्या आवृत्तीनुसार चालणार आहे, हे डन्जन मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) आधी जाहीर करावे.