शेजारची टपरी आधी ओरडते

उन्हाळ्यात लातुरात आयपीएलची मॅच बघायला तीन गोष्टी लागतात: चार्जिंग, रेंज आणि बहिरेपणा. पहिल्या दोन कशाबशा जमतात. तिसरी काही जमत नाही, कारण शेजारच्या पानटपरीवर डिश आहे आणि आमच्या हातात मोबाइल.

टपरीवरचं चित्र ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं, तरी आधी पोचतं. मोबाइलवर तीच मॅच काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येते. मधेच रेंज गेली तर उपाशी मरायला नको म्हणून दोन-तीन तुकडे साठल्याशिवाय फोन पहिला तुकडा दाखवतच नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी बघितलेल्या घरातल्यासारखी त्याची वागणूक: आधी ड्रम भरणार, मग तांब्या बुडवणार. त्यामुळं आमचा बॉलर अजून चेंडू मांडीला घासत असतो आणि तिकडं टपरीवर "गेला रेऽऽ!" सुरू. चेंडू गेला का बॅट्समन गेला, हे कळायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढ्या रिकाम्या वेळात नको ते प्रश्न पडतात, आणि खरा ताप तो आहे.

पहिला प्रश्न: आपली टीम कोणती? मराठवाड्याची टीमच नाही. राज्य म्हणून मुंबई धरावी, तर रस्त्यानं हैदराबाद जवळ, आणि १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. धोनीसाठी चेन्नई धरणारे तर गल्लीगल्लीत. बरं, निष्ठा ठेवावी तर खेळाडू लिलावात इकडचा तिकडं जातो. लिलावाचं आम्हाला नवल नाही, आडतीवर रोज सौदा निघतो. पण नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे एक पंत साधारण ५५ हजार क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. शिवाय सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की खरेदी केंद्रावर माल परत. खेळाडूचा फॉर्म मात्र पैसे मोजून झाल्यावर तपासायचा.

दुसरा ताप जाहिरातींचा. एका मॅचमध्ये अडीच-अडीच मिनिटांचे चार टाइम-आउट. त्यात मोठमोठे हिरो विलायची विकतात. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तेव्हा विलायचीच असणार म्हणा. फक्त त्या नावाची विलायची खिरीत घातलेली कुणी बघितली नाही. शेजारी पोरगं बसलेलं असतं. ते विचारतं, "मामा, विलायची खाऊन माणूस एवढा श्रीमंत कामून होतो?" मामा स्कोअरकार्ड उघडतात.

मोबाइलवर पैसे लावून टीम बनवायची सोय ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झाली. तोवर ती एक वेगळीच धर्मसंकटाची शाळा होती. शंभर क्रेडिटमध्ये अकरा गडी बसवायचे, कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट. भरवशाचा कॅप्टन हमखास समोरच्या टीमचा निघायचा. मग देवाकडं मागणं असं: त्यानं शतक मारावं, पण त्याची टीम हरावी, आणि आपल्या बॉलरला तीन विकेट मिळाव्यात, पण त्या कॅप्टनची सोडून. एवढं गुंतागुंतीचं साकडं माळेगावच्या खंडोबालाही कुणी घातलं नसेल. जत्रेतल्या फडात बरं असतं. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती असली की हलगी थांबायच्या आत लोक ओरडतात आणि पंचांना जोड सोडवावी लागते. इथं ओरडायचं कुणाला? टपरीला?

आणि पाणी. हा प्रश्न लातूरकराला सगळ्यात उशिरा पडावा, हेच नवल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्या म्हणून सांगितलं. खेळपट्टीच्या मातीला पाणी पाजून, ती वाळत असताना रोलर फिरवावा लागतो, नाहीतर भेगा पडतात. भेगांचं आम्हाला कुणी सांगायला नको. बातमी ऐकून "बरं झालं, जिरली त्यांची!" असं सगळेच म्हणाले. त्याच तोंडानं टँकरच्या रांगेत स्कोअरही विचारला गेला. फायनल मुंबईहून बंगळुरूला गेली आणि कप हैदराबादनं नेला. निजामवाल्यांनी तेवढ्यावरही "आपण जिंकलो" म्हणून घेतलं.

हे सगळं एका ओव्हरच्या मधे आठवतं. पुढचा हिशोब मांडणार, तर टपरी पुन्हा ओरडली. आमच्याकडं बॉलर अजून फिल्डिंग लावायलाय.