32 फुटी पाइप का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

कमेंटबद्दल देव बरें करूं. तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की जर्मनीतल्या पोट्सडामच्या सांसुसी राजवाड्याच्या म्युझिक रूमसाठी ऑर्गन (पाइपांत हवा सोडून वाजणारं कीबोर्डचं वाद्य) काल्पनिकच काढायचा होता तर हात कशाला आखडला, सहा स्टॉपचं (स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांचा संच) कपाट काय काढलंय, 32 फुटी पाइप नाही, ट्रम्पेट नाही, आणि वर गोव्यात बसून पोट्सडामच्या नसलेल्या वाद्याचा विचार करून मिळतं काय.

आधी 32 फुटांचं. वाद्य काल्पनिक असलं तरी हवा आणि लाकूड खरंच धरावं लागतं ना. उघडा 32 फुटी पाइप म्हणजे जवळजवळ 10 मीटर, आणि सांसुसी एकमजली. पाइपाचं वरचं तोंड बंद केलं की निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, म्हणून माझा 8 फुटी गेडाक्ट, म्हणजे बंद तोंडाच्या पाइपांचा स्टॉप, 4 फुटांत बसतो, पण 32 चे निम्मे केले तरी 16 फूट उरतातच. आणि समजा बसवलाच, तर वाजवणार कुणासाठी? त्या खोलीत प्रशियाचा फ्रेडरिक राजा स्वतः बासरी वाजवायचा, तीही त्या काळची लाकडी बासरी, आवाजाला मऊ, आणि त्याचा बासरीचा गुरू क्वांट्झ त्याच्यासाठी ज्या बासऱ्या करायचा त्यांची पट्टी आजच्या 440 हर्ट्झच्या पट्टीपेक्षा बरीच खाली. तेव्हाचे जर्मन चर्चमधले ऑर्गन मात्र बहुतेक चढ्या पट्टीत. तसला ऑर्गन उचलून इथे ठेवला तर गवई काळी एकमध्ये बसलाय आणि पेटीवाला पांढरी तीन सोडत नाही अशी गत होईल. म्हणून मी आधी पट्टी ठरवली, स्टॉप नंतर. पट्टी उतरवली की प्रत्येक पाइप अजून लांब होतो, म्हणजे जागा आणखीच कमी. सहा स्टॉप असे आले.

ट्रम्पेट हा रीडचा, म्हणजे जिभेच्या पाइपांचा स्टॉप, तो मुद्दाम वगळलाय. मेणबत्त्या पेटल्या, माणसं जमली की खोली तापते, आणि हवा 1 डिग्री तापली की साध्या पाइपांचा सूर साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. रीडच्या पाइपात सूर पितळेच्या जिभेवर ठरतो, तो जवळजवळ जागेवरच राहतो. 5 डिग्री चढल्या तर 15 सेंटचा फरक, म्हणजे ऐन मैफलीत ऑर्गन स्वतःशीच बेसूर. हे मला सहन होणार नाही.

हो, फ्रेडरिकच्या बहिणीनं, आना आमालियानं, 1755 मध्ये बर्लिनच्या राजवाड्यात दोन कीबोर्ड आणि पेडलचा ऑर्गन बसवून घेतला होता, तो आजही बर्लिनमध्येच कार्ल्सहोर्स्टच्या चर्चमध्ये आहे. पण ती स्वतः ऑर्गन वाजवायची! तिचं वाद्य सोलोचं, माझं साथीचं. आपल्याकडच्या से कॅथेड्रलसारख्या उंच कमानीखाली मीही सढळ हातानं स्टॉप वाढवले असते.

आणि गोव्याचा संबंध कसा नाही? अकबराच्या दरबारात ऑर्गन गेला तो इथूनच, हाजी हबीबुल्लानं नेलेला. अकबराच्या काळचा इतिहासकार बदाऊनी, त्यानं त्याचं वर्णन केलंय ते माणसाएवढ्या मोठ्या पेटीसारखं. बादशहाला तेवढा पुरला, मग सांसुसीत कपाटाएवढा का नको?

तुम्ही फर्निचरच्या धंद्यात आहात असं लिहिलंय, मग एक सांगाच. पाइपांखाली सरकणारी लाकडी पट्टी असते, स्लायडर म्हणतात, ती आत-बाहेर केली की स्टॉप चालू-बंद होतो. जर्मन लोक त्या भागाला ओक वापरायचे. हेच डिझाइन मला फोंड्याच्या हवेसाठी मांडून बघायचंय. घट्ट बसवली तर जूनमध्ये फुगून अडकणार, सैल सोडली तर हवा गळून शेजारचा पाइप आपोआप कुजबुजायला लागणार. जुना सागवान घेतला तर अर्ध्या सुतापेक्षा कमी फटीत पावसाळा निघेल का?