पिव्होट सोपं, क्लिक अवघड

एक्सेल शिकवणारे माझे 41 व्हिडिओ आहेत. मराठीतून, फुकट आणि मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. 'सुरुवात कुठून करू?' असं जो तो विचारायला लागला, तेव्हा एका रविवारी सोपे, मध्यम, अवघड असे तीन ढीग करायला बसलो.

पहिला घोळ नावांचाच. यादी लावली तर 'धडा 1'च्या पाठीवर 'धडा 10' हजर, आणि 'धडा 2' थेट 19च्या मागे. आकडा मजकूर म्हणून लिहिला की त्याचा क्रम अक्षराअक्षराने लागतो, हे धडा 6मध्ये मीच छातीठोकपणे सांगितलंय. नावं नंतर बदलू म्हटलं.

बेरीज सोपी, व्हीलुकअप (तक्त्यात नाव शोधून त्यापुढची माहिती आणणं) मध्यम, पिव्होट टेबल (नोंदींचे गट पाडून गोषवारा काढणं) अवघड. खात्री करायला शेजारच्या काकांना बोलावलं. आयुष्य पतसंस्थेच्या हिशेबात गेलेलं. चहा निवायच्या आत त्यांनी पिव्होट मांडलं.

"अरे, ही तर खतावणी! रोजकीर्दीतल्या नोंदी खात्यावार घ्यायच्या. यात अवघड काय?"

मी मुकाट्याने ढीग बदलला. मग तारखांचा धडा काढला. 1900 हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल 29 फेब्रुवारी 1900 ही तारीख बिनदिक्कत मानतं, कारण एक्सेलच्या आधीच्या लोटस 1-2-3 या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि त्याच्याशी जुळावं म्हणून ती तशीच ठेवली. काका हसले. "मागच्याने चुकीची शिल्लक ओढली, पुढच्यानेही तीच ओढली. आमच्याकडे असे दोघे होते."

म्हटलं, आता ही फाइल बंद करून पुन्हा उघडा. इथे मात्र काकांना घाम फुटला. डबल क्लिकच्या दोन क्लिकांत एक जांभई मावेल एवढं अंतर. त्यामुळे फाइल उघडायच्या ऐवजी नाव बदलायची चौकट उघडायची. तिसऱ्या खेपेला पतसंस्थेच्या ताळेबंदाचं नाव 'गग' झालं.

तेवढ्यात भाची आली. तिने फाइल क्षणात उघडली आणि किंचाळली, "मामा, करप्ट झालीये! सगळीकडे हॅश!"

"रकाना अरुंद आहे गं," काका म्हणाले. "रुंद कर. आकडा मावत नाहीये."

रात्री उशिरा ढीग मोडून सगळे व्हिडिओ पुन्हा एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि दुवा काकांना पाठवला. सकाळी त्यांचा निरोप: "धडा 1 पाहिला, उत्तम. 10 आणि 11 पण झाले. 2 ते 9 पावसात भिजले का?"